सूर्यास्ताचा फोटो आणि पाऊणकी

"मास्तर, आज तिथी काय?"

हरिहरेश्वरच्या कातळावर, गुडघाभर पाण्यातून पायऱ्यांकडे येत असताना आम्हाला हा प्रश्न विचारला गेला. विचारणारे एक म्हातारे कोळीबाबा होते. वरच्या कोरड्या खडकावर गरी टाकून बसले होते. आम्ही मास्तर आहोत हे त्यांना दुपारीच चहाच्या टपरीवर कळलं होतं. आम्ही चौघे. दोघे गणिताचे, एक भूगोलाचा, एक विज्ञानाचा. खांद्यावर तिवई, डोक्यावर धरलेली कॅमेऱ्याची पिशवी आणि बुटात पाणी.

कार्तिक शुद्ध त्रयोदशी होती. "तेरस, काका," आम्ही म्हणालो.

"मग तेराची पाऊणकी किती?"

पावकी, निमकी, पाऊणकी आमच्या आजोबांच्या तोंडी असायची, आमच्या नाही. गणिताच्या दोघांनी मनात हिशेब केला. तेरा गुणिले पाऊण, पावणेदहा.

"म्हंजे पावणेधाला भरती झाली. चारला पाणी सुकलं. आता साडेसहा वाजत आले, पाणी चढतंय. आणि तुम्ही आत्ता खाली काय करताय?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही सूर्यास्ताचा फोटो काढायला आलो होतो. पुढच्या महिन्यात मुलांची सहल इथेच आणायची, आणि त्याआधी जागा पाहून घ्यायची असा बेत होता. मुलं बरोबर असती तर काय झालं असतं, हा विचार परतीच्या एसटीत चौघांच्याही मनात होता. घरी आल्यावर मग त्या पाऊणकीचा आम्ही नीट पाठपुरावा केला. त्यात जे सापडलं ते इथे मांडतो आहोत.

वाट कुठून जाते?

हरिहरेश्वर हे रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातलं गाव. सावित्री नदी समुद्राला मिळते तिथेच ते वसलं आहे. खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातलं बाणकोट दिसतं. देवळाजवळून प्रदक्षिणेची वाट निघते. पायऱ्या चढून टेकडीवर जायचं, मग दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून पुन्हा पायऱ्यांनी थेट समुद्राशी उतरायचं, आणि टेकडीच्या पायथ्याच्या कातळावरून वळसा घालून परत यायचं. सवयीच्या माणसाला ही चाल फार नाही. पण घळीतून बाहेर पडताच समोर जे उघडं होतं, त्यासाठी चालणारे लोक लांबून येतात.

समोर असतो तो 'तरंगघर्षित मंच'. भूगोलाच्या पुस्तकात त्याची आकृती असते आणि मुलं ती परीक्षेपुरती काढतात. लाटा कड्याच्या पायथ्याशी धडकत राहतात, पायथा पोखरला जातो, वरचा भाग कोसळतो, कडा मागे हटतो, आणि जिथे तो होता तिथे जवळजवळ सपाट कातळ उरतो. इथला दगड दख्खनच्या लाव्हाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कड्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसते. खारं पाणी दगडाच्या बारीक भेगांत शिरतं, पाणी वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण सुटे होतात. एकदा खळगा पडला की त्यात ओल जास्त टिकते, म्हणून तो आणखी खोल होत जातो. मधल्या भिंती उरतात आणि जाळी तयार होते.

आता या मंचाची एक गोष्ट लक्षात घ्या. तो लाटांनीच कापलेला आहे, म्हणजे लाटा जिथे पोचतात त्याच पातळीला तो आहे. बराचसा भाग भरती आणि ओहोटी यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. फोटोसाठी याहून चांगली जागा नाही, आणि चुकीच्या वेळी याहून वाईट जागाही नाही. इथे माणसं लाटेबरोबर ओढली गेल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत.

तिथीला पाऊण का?

कोळीबाबांचा नियम असा. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. दुपारचे तीन आणि पहाटेचे तीन, दोन्ही. कारण भरती दिवसातून दोनदा येते. भरतीपासून सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच.

हा आकडा आला कुठून? तिथीच्या व्याख्येतच तो दडलेला आहे. चंद्राला सूर्यापासून बारा अंश पुढे जायला जो वेळ लागतो ती एक तिथी. पृथ्वी स्वतःभोवती ३६० अंश २४ तासांत फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. मग बारा अंशांना ४८ मिनिटं. दर तिथीला चंद्र इतका उशिरा डोक्यावर येतो, आणि त्याच्या ओढीने येणारी भरतीही सरासरीने तितकीच मागे पडते. जुन्या मापात सांगायचं तर दर तिथीला दोन घटका. पंधरा तिथींत १५ गुणिले ४८, म्हणजे ७२० मिनिटं, बरोबर बारा तास. पौर्णिमेपासून निघालेलं भरतीचं घड्याळ अमावास्येला पुन्हा त्याच जागी येतं.

४८ मिनिटं म्हणजे तासाचा चार-पंचमांश. होडी काढताना चार-पंचमांशाचा तोंडी हिशेब कोण करणार? पाऊण सोपा. मात्र त्यात दर तिथीला तीन मिनिटं गळतात. पंधरा तिथींत ही तूट पाऊण तास होते. म्हणून पाऊणकीने पौर्णिमेची भरती सव्वाअकराला येते आणि लगेच दुसऱ्या दिवशी प्रतिपदेची पाऊण वाजता. दीड तासाची ही उडी समुद्र मारत नाही, ती आपल्या हिशेबातली आहे. वर्गात हे मुलांकडूनच शोधून घेता येईल. पंधरा तिथींच्या भरतीच्या वेळा पाऊणकीने आणि ४८ मिनिटांनी काढायला सांगा आणि शेजारी त्या दिवसांच्या छापील वेळा लिहायला सांगा. छापील आकडे कधी एकीकडे झुकतात, कधी दुसरीकडे. अष्टमीच्या आसपास तर भरती एका दिवसात तासाहून जास्त मागे पडते.

दुसरा प्रश्न असा, की हिशेब शून्यापासूनच का सुरू होतो? पुस्तकातली आकृती पाहून वाटतं की चंद्र डोक्यावर आला रे आला की भरती. प्रत्यक्षात पाण्याला खंडांना वळसे घालत, उथळ तळावरून सरकत यावं लागतं. त्यामुळे प्रत्येक बंदराचा आपला असा ठरावीक उशीर असतो. कोकणच्या या भागात तो असा जमून आला आहे की पौर्णिमा-अमावास्येची भरती दुपारी आणि रात्री बाराच्या आगेमागे येते. म्हणून इथे पाऊणकी चालते. हाच नियम घेऊन कोणी पूर्व किनाऱ्यावर गेला तर फसेल.

आता फोटोवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ पाहू. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास. वर्षातला कोणताही महिना घ्या, सूर्यास्ताच्या वेळी कातळ उघडा हवा असेल तर तो पौर्णिमेला आणि अमावास्येलाच मिळणार. अष्टमीला नेमकं उलट. सूर्य मावळताना पाणी पूर्ण भरलेलं. 'पुनवेला उधाण असतं, समुद्राकडे जाऊ नये' हे ऐकत मोठे झालेल्या आम्हाला हे आधी खरंच वाटेना. पण उधाणाचा अर्थ नुसतं जास्त चढणारं पाणी असा नाही. ते जास्त उतरतंही. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात आणि त्यांच्या ओढी मिळतात. अष्टमीच्या सुमारास त्या काटकोनात असतात, आणि त्या भरतीला कोकणात भांगाची भरती म्हणतात. सूर्याचा भरतीवरचा परिणाम चंद्राच्या ४६ टक्के आहे. म्हणजे उधाणाला १.४६ आणि भांगाला ०.५४ अशी जोरांची तुलना. हे गुणोत्तर सुमारे २.७ येतं. मुंबईला भरती-ओहोटीच्या पातळ्यांमधलं अंतर सरासरीने उधाणाला साडेतीन मीटरांच्या वर आणि भांगाला दीड मीटरच्या आसपास असतं. भागून पाहा, कागदावरचं गणित किती जवळ येतं ते. कोकणात दक्षिणेकडे जावं तसं हे अंतर कमी होत जातं, गोव्याकडे उधाणालाही ते दोन मीटरच्या आसपासच असतं.

आमची चूक

आम्हाला इतपत कळलं होतं की पौर्णिमा जवळ आली की संध्याकाळी ओहोटी असते. त्रयोदशी म्हणजे पौर्णिमेला दोनच दिवस, चालेल, असं आम्ही धरलं. पण दोन दिवस म्हणजे दीड तास.

पाणी घड्याळाच्या काट्यासारखं एका गतीने चढत नाही. खलाशी यासाठी बारा भागांचा एक ठोकताळा वापरतात. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. हिशेबाच्या सोयीसाठी एकूण चढ ३ मीटर धरू, म्हणजे एक भाग २५ सेंटिमीटरांचा. चारला ओहोटी. पाचपर्यंत पाणी २५ सेंटिमीटर चढलं, आम्हाला पत्ताही लागला नाही. सहापर्यंत आणखी ५०. सहाच्या सुमारास सूर्य बुडाला, आम्ही मागच्या लाल आकाशाचे फोटो काढत थांबलो, आणि नेमका तिसरा तास सुरू झाला, पाऊण मीटर चढणारा. सहा पंचविसाला आम्ही निघालो तेव्हा पाणी एकूण मीटरभर चढलेलं होतं. जाताना जी कोरडी खाच आम्ही एका ढांगेत ओलांडली होती, तिच्यात गुडघाभर पाणी खळबळत होतं. अंधार पडत होता आणि पायाखाली शेवाळ.

थोडक्यात, तिन्ही गोष्टी एकाच वेळी वाईट होत गेल्या. उजेड कमी होत होता, पाण्याचा वेग वाढत होता, आणि फोटो काढणाऱ्याचं मन 'अजून एकच' म्हणत होतं. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी घरी बसून मिनिटागणिक काढता आल्या असत्या.

फोटोत सूर्य एवढासा का?

जिवावर बेतून काढलेले ते फोटो कसे आले? निराशाजनक. डोळ्यांना परातीएवढा वाटलेला सूर्य फोटोत ज्वारीच्या दाण्याएवढा. यात कॅमेऱ्याचा दोष नाही. आकाशात सूर्याचा व्यास जेमतेम अर्धा अंश आहे. भिंगामागे पडणाऱ्या त्याच्या प्रतिमेचा व्यास नाभीय अंतराच्या साधारण १०८ व्या भागाइतका असतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाला तो अर्धा मिलिमीटरही भरत नाही, आणि फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद. मोबाइलचं भिंग त्याहून जास्त विस्तृत दृश्य घेतं, त्यात सूर्य फोटोच्या रुंदीच्या सुमारे दीडशेव्या भागाएवढा येतो. क्षितिजाजवळचा सूर्य आणि चंद्र आपल्याला मोठे वाटतात तो मनाचा खेळ आहे. दुपारच्या सूर्याइतकाच तोही असतो. उभ्या दिशेने तर थोडा लहानच.

हा चपटेपणा मात्र खरा. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. हवेतल्या वक्रीभवनामुळे क्षितिजावरचा बिंदू सुमारे ३४ कला वर उचललेला दिसतो, तर अर्धा अंश वरचा बिंदू साधारण २८-२९ कला. सूर्याची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते आणि ३२ कलांचं बिंब उभं मोजलं तर २६-२७ कलाच भरतं. यातून आणखी एक गंमत निघते. सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली आपण पाहतो, तेव्हा हवा नसती तर आख्खा सूर्य बुडालेला असता.

दुसरी निराशा खडकांची. सूर्य नीट यावा म्हणून कॅमेरा जुळवला की खडक काळे ठिक्कर, खडक दिसावेत म्हणून जुळवला की आकाश पांढरं फटक. उजेडातला इतका फरक एका फोटोत मावत नाही. आपला डोळा इकडून तिकडे फिरताना बाहुली लहानमोठी करतो आणि मेंदू ते चित्र जोडून घेतो, म्हणून आपल्याला दोन्ही दिसतं.

मग कातळाचा फोटो कधी काढायचा? सूर्यास्ताला नव्हे, त्याच्या पाऊण तास आधी. (पुन्हा पाऊणच.) तेव्हा सूर्य नऊ-दहा अंशांवर असतो. दहा अंशांच्या उजेडात सेंटिमीटरभर उंचवट्याची सावली साडेपाच सेंटिमीटर लांब पडते. दुपारी सपाट वाटणारी दगडाची जाळी या तिरप्या उजेडात एकेक खळग्यासकट उठून दिसते. ऊन पिवळं झालेलं असतं, कारण हवेतला लांबचा प्रवास करताना निळा प्रकाश वाटेत विखुरला जातो. खळग्यांतल्या पाण्यात आकाश उतरलेलं असतं. शिवाय सूर्य चौकटीबाहेर ठेवला की उजेडाच्या फरकाची अडचणही राहत नाही.

आणि सूर्यास्त पाहायचा तो टेकडीवरून. उंचावरून क्षितिज लांब जातं. पाण्यापासून डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळेल. ४ मीटरवरून ते ७ किलोमीटर, ४९ मीटरवरून २५ किलोमीटर. क्षितिज लांब जातं तसं ते किंचित खालीही जातं, म्हणून उंचावर सूर्यास्त उशिरा होतो. या दोन उंचींमध्ये आपल्या अक्षांशावर सुमारे ४० सेकंदांचा फरक येतो. दोन घड्याळं जुळवून एक गट वर आणि एक गट गावाच्या पुळणीवर, पाण्यापासून मागे, उभा केला तर मुलांना हा फरक मोजता येईल. टेकडीची उंची माहीत असेल तर त्यावरून पृथ्वीची त्रिज्याही काढता येते. सूर्यास्तानंतरचा रंगीत संधिप्रकाश इथे बावीस-चोवीस मिनिटं चांगला असतो. तोही वरूनच पाहावा, तिथे पाणी चढून येत नाही.

दुसरी खेप

पुढच्या खेपेला आम्ही मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा निवडली. पौर्णिमेच्या आधीचा दिवस आणि नंतरचा दिवस उंचीने सारखेच वाटतात, पण फोटोवाल्यासाठी त्यांत मोठा फरक आहे. आधीच्या दिवसांत ओहोटी सूर्यास्तापूर्वीच होऊन जाते आणि आपण चढत्या पाण्यात सापडतो. नंतरच्या दिवसांत ओहोटी सूर्यास्तानंतर येते, म्हणजे आपण खाली आहोत तोवर पाणी मागेच हटत असतं. प्रतिपदेला भरती पाऊण वाजता, ओहोटी सातला. पाऊणकीवर विसंबलो नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टकं दरवर्षी छापतो, आणि हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था समुद्राच्या स्थितीचे अंदाज देते, ते पाहिले. पाऊणकी अर्ध्या-पाऊण तासाने सहज चुकू शकते. तिथीही दिवसाच्या मध्येच बदलते. तिचा उपयोग एवढाच की छापील आकडा चुकीच्या तारखेचा वाचला असेल तर ते लगेच खटकतं.

कोष्टकात लाटा नसतात हेही मुलांना सांगितलं. कोष्टक पाण्याची शांत पातळी सांगतं. लाटांची उंची दूरच्या वाऱ्यावर ठरते, आणि मोठ्या लाटा दोन-चार मिळून येतात, त्यांच्यामध्ये समुद्र फसवा शांत दिसतो. म्हणून खाली उतरण्याआधी घळीच्या तोंडाशी दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं आणि सर्वांत मोठी लाट कुठवर ओलं करते ते पाहायचं. तिच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. पावसाळ्यात तर तिथी कोणतीही असो, खाली जायचंच नाही. मुलांसह गावातला एक माहीतगार माणूस बरोबर घेतला.

पावणेपाचला उतरलो. कातळ ओला होता आणि मोकळा होत चालला होता. जाळीच्या दगडापाशी प्रत्येकाने आपापले फोटो काढले, एका मुलीने खळग्यांची खोली पट्टीने मोजली. पाच चाळीसला शिट्टी वाजवली आणि सगळे वर. दुसरा गट घड्याळ घेऊन पुळणीवर आधीच पोचला होता.

सूर्यास्ताला क्षितिजाशी ढगांची जाड पट्टी आली. सूर्य तिच्यातच दिसेनासा झाला आणि सेकंद मोजायचे राहून गेले. दगडांचे फोटो मात्र चांगले आले आहेत, ते शाळेच्या व्हरांड्यात लावले आहेत. परतताना कोळीबाबा दिसले. एका मुलाने त्यांना विचारलं, "आजोबा, अमावास्येला पहाटे भरती असते की ओहोटी?" बाबांनी उत्तर दिलं नाही, म्हणाले, "पाऊणकी येते ना तुला? मग काढ."